जठराच्या बाहेरच्या तोंडाशी सूज, पण जंतू सापडेना: सीजीडीच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

साडेचार वर्षांचा मुलगा, वजन 13 किलो. तीन आठवड्यांपासून जेवण पोटात टिकत नाही. उलटीत पित्त नसते आणि सकाळी खाल्लेले अन्न संध्याकाळच्या उलटीतही ओळखू येते. ताप नाही, जुलाब नाहीत. सोनोग्राफीत जठराच्या शेवटच्या भागाची भिंत सगळीकडून जाड झालेली आणि पुढची वाट अरुंद. एंडोस्कोपीतून घेतलेल्या तुकड्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींच्या घट्ट गाठी, दिसतात, पण क्षयात असतो तसा मधे गळून गेलेला भाग नाही. क्षयाच्या जंतूंचा रंग निगेटिव्ह, क्षयाची जनुकीय चाचणी जीनएक्सपर्ट निगेटिव्ह, बुरशीचे धागेही नाहीत. मग ही सूज कशाची?

आपल्याकडे ग्रॅन्युलोमा म्हटले की पहिला विचार क्षयाचा येतो, आणि तो यायलाच हवा. पण या मुलाच्या जुन्या कागदांत उत्तराचा बराचसा भाग आधीच पडून होता. तीन महिन्यांचा असताना डाव्या काखेतली गाठ वाढून फुटली होती आणि ती जखम कित्येक महिने वाहत राहिली. अडीच वर्षांचा असताना यकृतात गळू झाले, पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियस वाढला. सुईने काढायला गेल्यावर पू जेमतेम निघाला, कारण गळू घट्ट आणि अनेक कप्प्यांचे होते. शिवाय आईच्या गालांवर उन्हात वाढणारे लाल चट्टे आणि तोंडात वारंवार फोड. ल्युपस या आजारासाठीची तिची एएनए तपासणी निगेटिव्ह आल्यामुळे तो विषय तिथेच सुटला होता.

हे प्रकरण कोणा एका मुलाचे नाही. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी, या आजारात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते अभ्यासासाठी रचले आहे आणि त्यातले आकडे नमुन्याचे आहेत. ते निवडण्यामागे एक ठाम कारण आहे. सीजीडी म्हणजे पांढऱ्या पेशींना ऑक्सिजनची क्रियाशील रूपे, म्हणजेच आरओएस, तयार करता न येणे. ही रूपे नसली की जंतू मरत नाहीत, हे सगळ्यांना पाठ असते. पण ती नसली की सूज थांबत नाही, ही दुसरी बाजू सहसा शिकवली जात नाही. काखेतली गाठ आणि यकृतातले गळू पहिल्या बाजूचे. जठराची सूज आणि आईचे चट्टे दुसऱ्या बाजूचे.

यंत्रणा कुठे अडली आहे

पेशी जंतू गिळताना जास्तीचा ऑक्सिजन वापरतात हे बाल्ड्रिज आणि जेरार्ड यांनी 1933 मध्येच नोंदवले होते. तो ऑक्सिजन श्वसनासाठी नसतो, एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम तो वापरते. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी शांत असताना या एन्झाइमचे भाग वेगवेगळे असतात. जीपी-91 आणि पी-22 या प्रथिनांची जोडी पडद्यात रुतलेली, तर पी-47, पी-67 आणि पी-40 पेशीद्रवात. शांत अवस्थेत पी-47 स्वतःवरच दुमडलेले असते. जंतूची चाहूल लागली की प्रोटीन कायनेज सी त्याच्यावर फॉस्फेट चढवते, ते उलगडते, पी-22 ला चिकटते आणि पी-67 ला सोबत ओढते. रॅक हे लहान प्रथिन स्वतंत्रपणे पडद्यापाशी येते. सगळे जुळले की जीपी-91 आतल्या बाजूच्या एनएडीपीएचकडून इलेक्ट्रॉन घेते, एफएडी आणि दोन हीममधून पलीकडे नेते आणि ऑक्सिजनला देते. त्यातून सुपरऑक्साइड बनते, सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि न्यूट्रोफिलमधले मायलोपेरॉक्सिडेज पेरॉक्साइड व क्लोराइड वापरून हायपोक्लोरस आम्ल तयार करते.

जीपी-91 चे जनुक, सीवायबीबी, एक्स गुणसूत्रावर आहे. म्हणून आजार मुलग्यांना होतो आणि आई वाहक असते. बाकीच्या भागांची जनुके इतर गुणसूत्रांवर असतात आणि तिथे दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत या दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण वाढते.

पेरॉक्साइड मोडणारे कॅटॅलेज हे एन्झाइम असलेल्या जंतूंपासूनच सीजीडीत धोका असतो, कारण बाकीचे जंतू स्वतःचे पेरॉक्साइड पेशीला पुरवतात, असे स्पष्टीकरण अजूनही परीक्षेत लिहिले जाते. ते सोडून द्यावे. कॅटॅलेज काढून टाकलेले स्टॅफिलोकॉकस आणि अ‍ॅस्परजिलस सीजीडीच्या उंदरांना तितकेच आजारी पाडतात. लक्षात ठेवायची यादी मात्र बरोबर आहे: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, सेराशिया, बर्कहोल्डेरिया, नोकार्डिया, अ‍ॅस्परजिलस. आपल्या हवामानात त्यात क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियम आणि बीसीजी, म्हणजे क्षयाच्या लसीतला जिवंत जंतू, धरायलाच हवेत.

तपासणी: डीएचआर

डायहायड्रोऱ्होडामीन 123, म्हणजेच डीएचआर, हे रंगहीन रसायन पेशीत शिरते. पेशीत पेरॉक्साइड आणि पेरॉक्सिडेज दोन्ही असतील तर त्याचे ऱ्होडामीन बनते, आणि ते हिरवे चमकते. फ्लो सायटोमीटरवर एकेका पेशीची चमक मोजता येते, हे या तपासणीचे खरे बळ.

रक्त 2 मिली, हेपरिनच्या हिरव्या झाकणाच्या नळीत. ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवते, म्हणून जांभळी नळी टाळावी. नमुना खोलीच्या तापमानाला ठेवावा, बर्फात अजिबात नाही, आणि 24 तासांत तपासला जावा. रुग्णाशी नाते नसलेल्या एका निरोगी व्यक्तीचे रक्त त्याच वेळी काढून त्याच डब्यातून पाठवावे. जिल्ह्याच्या गावाहून नमुना रात्रभर बसने मुंबईला जाणार असेल तर हा सोबतचा नमुनाच निकालाचा आधार असतो. तोही सपाट आला तर दोष प्रवासाचा, आणि तपासणी रद्द. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत हे काम नियमित चालते.

प्रत्येक व्यक्तीच्या तीन नळ्या लावतात: एक काहीच न घातलेली, एक फक्त डीएचआरची, एक डीएचआर आणि पेशींना चेतवणारे पीएमए दोन्हींची. 100 मायक्रोलिटर रक्तातल्या तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडने फोडायच्या, धुऊन ग्लुकोज असलेल्या बफरमध्ये घ्यायच्या, डीएचआर घालून 37 अंशांवर 5 मिनिटे, मग पीएमए घालून आणखी 15 मिनिटे हलवत ठेवायच्या. डीएचआर उजेडात आपोआप चमकू लागते, म्हणून नळ्या फॉइलमध्ये. पीएमए डीएमएसओमध्ये विरघळवून छोट्या वाट्यांत गोठवायचे. एकच वाटी पुन्हा पुन्हा वितळवली की त्याचा जोर जातो आणि निरोगी माणूसही अर्धवट सीजीडी वाटू लागतो. मिश्रणात कॅटॅलेज घालणेही महत्त्वाचे. पेरॉक्साइड पेशीबाहेर पडून शेजारच्या पेशीत शिरते, त्यामुळे वाहक आईच्या नमुन्यात चमकणाऱ्या पेशी न चमकणाऱ्यांनाही थोडे उजळवतात आणि दोन स्वतंत्र शिखरे एकमेकांत मिसळतात. कॅटॅलेज बाहेरचे पेरॉक्साइड खाऊन ही गल्लत टाळते.

या प्रकरणात निरोगी नमुन्याची चमक पीएमएने 11 वरून 1430 वर गेली, म्हणजे 130 पट. मुलाची 12 वरून 14. आईच्या आलेखात दोन वेगळी शिखरे: 32 टक्के पेशी पूर्ण चमकणाऱ्या, 68 टक्के मंद. मुलाच्या पेशींवर 7डी5 प्रतिपिंडाने जीपी-91 शोधले, ते नाही. पी-22 नसले तरी जीपी-91 पडद्यावर टिकत नाही, त्यामुळे एवढ्यावर जनुक ठरत नाही. आईची दोन शिखरे मात्र एक्स गुणसूत्राकडेच बोट दाखवतात. सीवायबीबीचा क्रम वाचून बदल निश्चित केला.

डीएचआर फसवते त्या जागाही ठाऊक हव्यात. मायलोपेरॉक्सिडेज नसलेल्या माणसात चमक घटते, पण सुपरऑक्साइड व्यवस्थित बनत असते आणि सुपरऑक्साइड पाहणारी जुनी एनबीटी चाचणी नॉर्मल येते. ती व्यक्ती बहुधा धडधाकट असते, तिला सीजीडीचे लेबल लावणे फार महागात पडते. एनएडीपीएच बनवायला लागणाऱ्या जी6पीडी या एन्झाइमची अतितीव्र कमतरता असेल तर एनएडीपीएचच अपुरे पडते आणि चित्र सीजीडीसारखे दिसते. पी-47 नसलेल्यांत चमक शून्य नसते, थोडी सरकते आणि शिखर पसरट होते. ते घाईत नॉर्मल म्हणून सोडले जाते. आणि पी-40 चा दोष पीएमएवर दिसतच नाही.

या शेवटच्या दोषापाशी थोडे थांबायला हवे. पी-40 चे एक टोक गिळलेल्या जंतूच्या पिशवीवरच्या पीआय-3-पी या मेदाला धरते. पीएमए हा सगळा मार्ग टाळून थेट कायनेजला चेतवते, म्हणून चाचणी जवळपास नॉर्मल येते. या रुग्णांना सीजीडीसारखे घातक जंतुसंसर्ग सहसा होत नाहीत. होते ती आतड्याची आणि कातडीची सूज. जंतू मारण्याची ताकद पुरेशी शिल्लक आहे आणि तरी सूज येते, तर ती जंतू उरल्यामुळे येते असे म्हणता येत नाही.

आरओएस निरोप कसा देतात

आरओएसपैकी हायड्रॉक्सिल रॅडिकल समोर दिसेल त्यावर तुटून पडते, त्याच्याकडून निरोप पोहोचवला जाणे शक्य नाही. सुपरऑक्साइड पडदा सहज ओलांडत नाही. निरोपाचे काम हायड्रोजन पेरॉक्साइड करते. ते तुलनेने शांत असते, अ‍ॅक्वापोरिनच्या छिद्रांतून पेशीत शिरते आणि ठरावीक जागाच गाठते.

ती जागा म्हणजे प्रथिनांतले सिस्टीन हे अमिनो आम्ल. साधे सिस्टीन पेरॉक्साइडला फारशी दाद देत नाही. पण टायरोसिन फॉस्फेटेजच्या, म्हणजे प्रथिनांवरचे फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमच्या, ऐन कामाच्या जागी असलेले सिस्टीन ऋणभारित असते आणि म्हणून चटकन ऑक्सिडाइज होते. पीटीपी-1बी हे फॉस्फेटेज असे ऑक्सिडाइज झाले की बंद पडते. पीटेन या दुसऱ्या फॉस्फेटेजमध्ये 124 आणि 71 क्रमांकाची दोन सिस्टीन एकमेकांना जोडली जातात आणि तेही थांबते. फॉस्फेट काढणारे हात बांधले गेले की फॉस्फेट चढवणाऱ्या कायनेजचा निरोप लांबतो. थायोरेडॉक्सिन आणि ग्लुटाथायोन नंतर ही गाठ सोडवतात. प्रमाण फार वाढले तर सिस्टीन सल्फोनिक अवस्थेपर्यंत जाते आणि मग परतीची वाट नसते. मात्रेवर सगळे अवलंबून आहे ते असे.

पेशीत पेरॉक्सिरेडॉक्सिन हे एन्झाइम भरपूर असते आणि पेरॉक्साइड वेगाने संपवते, मग निरोप पोहोचतो कसा? पडद्यावरच्या ग्राहकाजवळ, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाजवळ, सार्क कुळातले कायनेज पेरॉक्सिरेडॉक्सिन-1 वर फॉस्फेट चढवून ते तात्पुरते बंद करते. पडद्यालगतच्या त्या छोट्याशा भागात पेरॉक्साइड साचते, बाकी पेशी सुरक्षित राहते. टी पेशींत ऑक्सिडेजऐवजी मायटोकॉन्ड्रियाच्या तिसऱ्या कॉम्प्लेक्समधून निघणारे आरओएस लागतात. ते अडवले तर ग्राहक चेतूनही आयएल-2 हा टी पेशींना वाढवणारा रेणू नीट बनत नाही.

आतापर्यंतचे सगळे 'चालू करा' या प्रकारचे निरोप झाले. 'आता थांबा' हे निरोप सीजीडीत गळतात, आणि आपल्या मुलाचे जठर त्यामुळेच सुजले आहे. त्याची किमान तीन कारणे पक्की आहेत.

न्यूट्रोफिलला बोलावणारे रेणू संपवणे हे पहिले. ल्युकोट्रायन बी-4 हा फार जोरकस बोलावणारा रेणू. निरोगी न्यूट्रोफिल घटनास्थळी पोहोचले की पेरॉक्साइड आणि मायलोपेरॉक्सिडेज मिळून हा रेणू ऑक्सिडाइज करून टाकतात. बोलावणे वाचले गेले की ते तिथेच नष्ट होते. जिवाणूंच्या फॉर्मिल पेप्टाइडमधल्या मेथिओनिनचेही असेच होते. सीजीडीत हे रेणू शाबूत राहतात आणि न्यूट्रोफिल येतच राहतात.

दुसरे म्हणजे मेलेल्या पेशींची आवराआवर. सीजीडीचे न्यूट्रोफिल मरायला उशीर करतात, आणि मेल्यावर मॅक्रोफेज या गिळणाऱ्या पेशी त्यांना उचलायलाही उशीर करतात. गिळलेल्या वस्तूच्या पिशवीवर एलसी-3 हे प्रथिन चढायला ऑक्सिडेजचे आरओएस लागतात. ते चढले नाही तर पिशवीतला ऐवज रेंगाळतो. बायोप्सीत रंगद्रव्याने भरलेले पिवळट-तपकिरी मॅक्रोफेज दिसतात, ते याचेच उरलेसुरले पुरावे. पॅथॉलॉजिस्टने ते शेऱ्यात लिहिले तर अर्धे निदान तिथेच होते.

तिसरे, आयएल-1 बीटा हा सूज पेटवणारा रेणू. आरओएसमुळेच तो तयार करणारे एनएलआरपी-3 इन्फ्लमेझोम चालू होते, अशी मांडणी काही काळ जोरात होती. ती तशीच खरी असती तर सीजीडीच्या मोनोसाइटमधून आयएल-1 बीटा कमी यायला हवे होते. प्रत्यक्षात ते जास्त येते. या आजाराने इथे सिद्धांतालाच दुरुस्त केले. 2008 मध्ये उंदरांवरून या सुजेसाठी ट्रिप्टोफॅन आणि ते मोडणाऱ्या आयडीओ एन्झाइमचे स्पष्टीकरण पुढे आले होते. माणसांच्या पेशींत आयडीओ नीट चालते हे लगेच दिसले आणि ते मागे पडले.

संधिवाताच्या उंदीर-घुशींवरचे काम याच दिशेने जाते. रिकार्ड होल्मडाल यांच्या गटाने 2003 मध्ये दाखवले की एनसीएफ-1 या पी-47 च्या जनुकातल्या बदलामुळे आरओएस कमी बनवणाऱ्या घुशींचा संधिवात जास्त तीव्र होतो. माणसांत याच जनुकातला, आरओएस कमी करणारा एक बदल ल्युपसचा धोका वाढवतो. 'फ्री रॅडिकल वाईट, अँटिऑक्सिडंट चांगले' एवढ्या हिशोबावर सूज उतरवायला निघालेल्यांनी या घुशींकडे पाहावे.

उपचार, आणि औषधे एकमेकांत अडकतात त्या जागा

जठरासाठी प्रेडनिसोलोन 1 मिलीग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे रोज 13 मिलीग्रॅम. काही दिवसांतच अन्न पुढे सरकू लागते. एक-दोन आठवड्यांनी मात्रा हळूहळू, कित्येक आठवडे घेऊन उतरवायची. घाईने बंद केले की सूज परत येते. जंतुदोष असलेल्या मुलाला स्टिरॉइड देताना हात थरथरतो, ते स्वाभाविक आहे, पण इथे सूज हाच आजार आहे. शस्त्रक्रियेने वाट मोकळी करण्याची घाई करू नये. सीजीडीत जखम भरत नाही आणि नळवाट (फिस्टुला) पडते.

टीएनएफ हा सूज वाढवणारा रेणू रोखणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे क्रोनच्या आजारासारखी आतडी पाहून सुचतात. सीजीडीत त्यांनी सूज उतरते, पण पाठोपाठ जीवघेणे संसर्ग झालेले आहेत आणि मृत्यूही. ती टाळावीत. आयएल-1 रोखणाऱ्या अनाकिन्राने उंदरांत छान काम केले, रुग्णांत अनुभव संमिश्र आहे.

रोजच्या संरक्षणासाठी कोट्रायमॉक्साझोल, ट्रायमेथोप्रिमच्या हिशोबाने 5 मिलीग्रॅम प्रतिकिलो. 5 मिलीत 40 मिलीग्रॅम असलेले पातळ औषध दिवसाला 8 मिली, दोन भागांत. आधी जी6पीडी तपासावे, नाहीतर तांबड्या पेशी फुटतात. बुरशीसाठी इट्राकोनाझोल 5 मिलीग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे 65 मिलीग्रॅम. उपलब्ध असेल तिथे इंटरफेरॉन गॅमा 50 मायक्रोग्रॅम प्रति चौरस मीटर, आठवड्यातून तीनदा त्वचेखाली. या मुलाला साधारण 28 मायक्रोग्रॅम. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 128 रुग्णांच्या चाचणीत त्याने गंभीर संसर्ग सुमारे 70 टक्क्यांनी घटवले.

सगळ्यात जास्त चुका इट्राकोनाझोलच्या बाबतीत होतात. उलट्यांसाठी मुलाला आधीच आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल चालू असते. कॅप्सूल विरघळायला जठरातले आम्ल लागते, त्यामुळे औषध पोटात जाते आणि रक्तात पोहोचत नाही. कॅप्सूल जेवणाबरोबर द्यायची, पातळ औषध उपाशीपोटी. दोन आठवड्यांनी पुढच्या मात्रेआधीची रक्तातली पातळी 0.5 मायक्रोग्रॅम प्रतिमिलीच्या वर आहे ना, हे पाहायचे. बीसीजीच्या काखेतल्या गाठीसाठी क्षयाचे औषध रिफाम्पिसिन सुरू असेल तर ते यकृतातली एन्झाइम इतकी वाढवते की इट्राकोनाझोल जवळपास शून्यावर येते. बुरशीचे दुसरे औषध व्होरिकोनाझोलही त्याच्यासोबत चालत नाही, आणि प्रेडनिसोलोनही कमी पडते. क्षयाची औषधे आणि बुरशीचे संरक्षण दोन्ही कागदावर लिहिलेले, पण मूल बुरशीसमोर उघडे, अशी ही स्थिती. उलट, आतड्यासाठी ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड दिले तर इट्राकोनाझोल त्याचे विघटन अडवते आणि चेहरा गोल होऊ लागतो.

बीसीजीच्या गाठीत जीनएक्सपर्ट पॉझिटिव्ह आले तरी ते क्षयाच्या जंतूला बीसीजीपासून वेगळे करत नाही. बीसीजीवर पायराझिनामाइड मुळातच चालत नाही, ते वगळावे.

घरच्यांना सांगताना मोघम 'काळजी घ्या' म्हणून भागत नाही. शेणखत उकरणे, कडब्याची गंजी हलवणे, पालापाचोळा झाडणे, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीचा पोपडा खरवडणे, यातले काहीही मुलाच्या आसपास नको. कुजलेल्या पाल्यातून बुरशीचे बीजाणू एकदम भरपूर श्वासात गेले तर काही दिवसांतच दोन्ही फुप्फुसे भरतात. त्यावर बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइडही द्यावे लागते, कारण तिथेही जीव घेणारी गोष्ट बुरशीइतकीच सूज असते.

आजार मुळातून बरा करण्याचा हाती असलेला मार्ग म्हणजे मूळपेशी प्रत्यारोपण. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणात सीजीडी पहिल्या गटात आहे, म्हणजे एकदाच्या उपचाराने बरे होणाऱ्या आजारांत. उत्कृष्टता केंद्रांमार्फत 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि मुंबईचे केईएम हे त्यांपैकी एक केंद्र. भावंडांपैकी कोणी दाता म्हणून जुळते का हे पाहणारी एचएलए तपासणी निदानाच्याच आठवड्यात करून टाकावी. मात्र 8 वर्षांची बहीण जुळली तरी तिचे डीएचआर केल्याशिवाय तिला दाता ठरवू नये. तीही वाहक असू शकते.

आईच्या 32 टक्के चमकणाऱ्या पेशी तिला जंतूंपासून पुरेशा वाचवतात. धोका साधारण 20 टक्क्यांखाली वाढतो आणि 10 च्या खाली तो सीजीडीच्या रुग्णासारखाच होतो. हे प्रमाण वयानुसार बदलू शकते, म्हणून तपासणी काही वर्षांनी पुन्हा करावी. पण गालावरचे चट्टे आणि तोंडातले फोड या टक्क्यांना जुमानत नाहीत. चांगल्या पेशी भरपूर असलेल्या वाहक स्त्रियांनाही ते होतात. एएनए निगेटिव्ह आहे म्हणून तिला परत पाठवू नये. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन द्यावे आणि त्याआधी डोळ्यांची तपासणी करून घ्यावी.

पुढचे मूल होणार असेल तर जनुकातला बदल माहीत असल्यामुळे गर्भावस्थेतच तपासणी शक्य आहे. ती केली नाही आणि मुलगा झाला, तर डीएचआरचा निकाल येईपर्यंत बीसीजी देऊ नये. पोलिओ आणि इतर विषाणूंच्या लसी द्यायला हरकत नाही, बंदी फक्त जिवंत जिवाणूंच्या लसींना. प्रसूती जिथे व्हायची त्या रुग्णालयाच्या कागदांवर पहिल्याच पानावर हे मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे, कारण बीसीजीची सुई बहुतेक ठिकाणी बाळ घरी जायच्या आत टोचली जाते.